वकीलसाहेबांची ना-हरकत

आमचे वकीलसाहेब कोर्टात उठायचे ते फक्त परत खाली बसण्यासाठी.

तुम्ही म्हणाल, हा नेहमीसारखा वाढवून सांगतो. नागपूरच्या इतवारी बाजारात माझी ख्याती तशीच आहे, नाकारत नाही. जन्म भांड्यांच्या धंद्यात गेला. पितळेचा पत्रा ठोकून ठोकून त्याची घागर करायची सवय; गोष्ट हातात आली की दोन ठोके जास्त पडतातच. पण या एका माणसाच्या बाबतीत मी हातोडी बाजूला ठेवली आहे. म्हणजे, जमेल तेवढी.

तर सरकारी वकील आपल्या साक्षीदाराची साक्ष कापसासारखी पिंजून मांडायचे. मग न्यायाधीश मान न उचलता म्हणायचे, "उलटतपास?" वकीलसाहेब टेबलाच्या कडेवर हात टेकून, गुडघ्यांची समजूत घालत उठायचे. काळ्या कोटाचं वरचं बटण लावायला जायचे. ते बटण, माझ्या अंदाजानं, इंग्रज ज्या गाडीनं गेले त्याच गाडीनं गेलं असावं, पण वकीलसाहेब दर वेळी ते शोधायचे. मग चष्मा काढायचा, पुसायचा, चढवायचा. मग साक्षीदाराकडे असं बघायचं की जणू तो त्यांच्याच मुलीसाठी स्थळ म्हणून आला आहे. कोर्टातल्या पंख्याचासुद्धा श्वास अडकायचा. आणि मग अगदी घरच्या आवाजात, "काही विचारायचं नाही, साहेब."

धप्प. बसले.

बाजारात त्यांचं नाव मौनीबाबा. कोणी तोंडावर विचारलंच, "विचारत काहून नाही जी तुम्ही काही?" तर एकच उत्तर. "खाज नसेल तिथं खाजवू नये."

राहायचे जुन्या शहरातल्या महाल वस्तीत. घरून कोर्टापर्यंत पायी जायचे. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. कावळासुद्धा सावलीचा पत्ता विचारून उडतो. वकीलसाहेब कोट घडी करून कापडी पिशवीत घालायचे आणि कोर्टाच्या पायरीवर येऊन अंगात चढवायचे. त्याच पिशवीत फुटाण्यांचा डबा. पक्षकार आला की आधी मूठभर फुटाणे. "खा. तोंड भरलेलं असलं की माणूस खोटं कमी बोलतो."

एकदा मात्र त्यांनी प्रश्न विचारला होता, आणि तो आमच्या दुकानांच्या ओळीतल्या प्रत्येकाला पाठ होता. म्हैसचोरीचा खटला. मालक छाती फुगवून सांगून राहिला होता की पकडलेली म्हैस माझीच, मी तिला अंधारात वासावरून ओळखतो. वकीलसाहेब उठले. बटण शोधलं. म्हणाले, "दूध किती देते हो?"

मालक खुलला. "साहेब, चोरीच्या आदल्या दिवशीपर्यंत दोन्ही टायमाचं मिळून बादली भरून सांडत होतं!"

"झालं," म्हणून वकीलसाहेब बसले. पोलिसांनी चोरीच्या दुसऱ्याच दिवशी पकडलेली म्हैस त्यांच्याच पंचनाम्यात भाकड लिहिली होती. खटला तिथंच वाळला. बाहेर आल्यावर लोकांनी विचारलं, हे सुचलं कसं? तर म्हणतात, "मी कुठं काढून घेतलं? त्याला सांगायचंच होतं. मी फक्त अडवलं नाही."

मी ही गोष्ट दुकानावर शेकडो गिऱ्हाइकांना सांगितली असेल. माझ्या सांगण्यात म्हैस शेवटी स्वतः कोर्टात येते. गिऱ्हाईक हसायचं, लोटा घेऊन जायचं. त्या गोष्टीतून मी स्वतः काही घेतलं असतं तर आज हे लिहायला बसलो नसतो.

आता आमच्या घराकडे वळतो. इथून पुढे माझा आवाज थोडा खाली येईल, सांभाळून घ्या.

माझी धाकटी बहीण शांता. तिचे यजमान दौलतराव, आमचे जवाई. कोरलेली मिशी, हळू बोलणं. सासुरवाडीत जेवायला बसले की दुसऱ्या पोळीनंतर ताटावर दोन्ही हात आडवे धरणारा माणूस. आमच्याकडे जवाई म्हणजे देवच. बसायला पाट, पाय धुवायला पाणी, आणि त्याच्याबद्दल वाईट ऐकायला कान नाहीत. त्यांचं दुकान आमच्याच ओळीत, आम्हीच लावून दिलेलं. स्टीलची भांडी तेव्हा नुकतीच पितळेच्या छातीवर बसायला लागली होती. धंदा सगळ्यांचाच दमला होता, त्यांचा जरा जास्त. पण सासऱ्यानं लावून दिलेल्या दुकानात बसलेला जवाई धंदा दमला असं कोणापाशी म्हणेल?

शहराबाहेर वाडी नाक्याच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामातून पितळी पत्र्याचे गठ्ठे चोरीला गेले आणि ते निघाले दौलतरावांच्या दुकानामागच्या खोलीत. पोलीस आले. जामीन मिळाला, खटला उभा राहिला. आरोप असा, की चोरीचा माल, चोरीचा आहे हे माहीत असून, घेतला.

'माहीत असून' हे दोन शब्द ध्यानात ठेवा. आम्ही ठेवले नाहीत.

वकीलसाहेबांकडे आम्ही चार रिक्षा भरून गेलो. त्यांनी बैठकीत सगळ्यांना फुटाणे वाटले आणि म्हणाले, "आता दौलतराव थांबतील. बाकीचे ओट्यावर."

मी उठलो नाही. "मी साळा आहे जी त्यायचा!"

"म्हणूनच," वकीलसाहेब म्हणाले.

ओट्यावर आम्ही बराच वेळ बसलो. दाराला कान लावून मी काही ऐकायचा प्रयत्न केला, पण आतून फुटाणे चावल्याचासुद्धा आवाज येईना. दौलतराव बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते आणि चाल मात्र हलकी झाली होती. वकीलसाहेब मागून दारात आले. "घरात यांना काही विचारू नका. आणि तारखेला गर्दी करू नका."

दौलतराव पुढे अधूनमधून एकटे जायचे महालात. आम्हाला वाटे, तारखेसाठी जात असतील.

मुख्य साक्षीदार एक ठेलेवाला होता. काटकुळा, गळ्यात गमछा. चोरांचा टेम्पो बाजाराबाहेर थांबला होता आणि तिथून माल दुकानापर्यंत यानं ठेल्यावर आणला होता. त्याच्या साक्षीच्या दिवशी आम्ही दुकानं अर्धी बंद ठेवली. कोर्टात एवढी इतवारी जमली की शिपायानं विचारलं, आज इथं लिलाव आहे का?

सरकारी वकिलांनी विचारलं, माल कुठून उचलला, कुठं उतरवला. ठेलेवाल्यानं सांगितलं. टेम्पोतून उचलला, दौलतशेठच्या दुकानात उतरवला. बस. माल आला आणि ठेला रिकामा झाला. कोणी मागवला, कोणाला काय ठाऊक होतं, याबद्दल अक्षर नाही.

"उलटतपास?"

वकीलसाहेब उठले. बटण, चष्मा, नजर, सगळं झालं. आमच्या चाळीस माना पुढे आल्या.

"काही विचारायचं नाही, साहेब."

मागून कोणीतरी म्हणालं, "मेलो!" तो कदाचित मीच असेन.

बाहेर कडुनिंबाखाली आमचं कोर्ट भरलं. आमचं कोर्ट खऱ्या कोर्टापेक्षा फार जलद चालतं. कोणी म्हणे, म्हातारा थकला. कोणी म्हणे, फितला. डबेवाले शेठजी म्हणाले, "अरे, मुख्य साक्षीदार! त्याले सोलून काढायचा सोडून हा बुवा चष्मा पुसून राहिला!" मी तर जाहीर केलं की वकीलसाहेब उभ्यानं, डोळे उघडे ठेवून झोपतात, घोड्यासारखे, आणि झोपेत ते एकच वाक्य बोलतात. लोक हसले. मला हुरूप आला. आणखी दोन ठोके मारले.

वकीलसाहेब तेव्हा आमच्या बाजूनं गेले. कोट काढून पिशवीत घालत होते. ऐकलं असेल की नाही, देव जाणे. ऐकलंच असेल. माझा आवाज भांडी बाजारात घडलेला आहे.

घरी शांता रडून राहिली होती. "दादा, काही तरी कर नं. दोन पोरी आहेत पदरात. मौनीबाबाच्या भरवशावर यायले जेलात पाठवू का?"

दौलतराव भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "राहू द्या. त्यायले कळते ते काय करून राहिले."

"जवाईबापू," मी म्हणालो, "तुम्ही भोळे आहा. निर्दोष माणसाचा वकील कसा गरजला पाहिजे! तुमच्या वकिलानं तोंड मिटलं म्हणजे लोक काय समजतील? की तुमच्यात खोट आहे!"

दौलतराव गप्प झाले. त्यांचं ते गप्प होणं मी जिंकल्याची खूण समजलो.

धरमपेठेत तेव्हा एक वकील फार गाजत होते. पांढरी ॲम्बॅसेडर, कपाळावर गंध, आणि आवाज असा की त्यांनी धरमपेठेत आक्षेप घेतला तर अंबाझरीच्या तलावात लाट उठावी. एका हवालदाराला त्यांनी उलटतपासात रडवल्याचं मी स्वतः पाहिलं होतं. निदान पाहणाऱ्याकडून ऐकलं होतं. मी दौलतरावांना घेऊन त्यांच्याकडे गेलो.

त्यांनी विचारलं, "काय प्रकार आहे?"

आणि मी बोललो. आमचे जवाई म्हणजे गंगेचं पाणी. मुंगीला साखर घालून दुकान उघडणारा माणूस. सासुरवाडीत तिसरी पोळी न घेणारा! तो चोरीचा पत्रा घेईल? कोणीतरी त्यांच्या गैरहजेरीत माल आणून टाकला, डाव साधला. मी इतका बोललो की दौलतरावांचा आवाज कसा आहे तेही त्या वकिलांना कळलं नसेल. मध्ये एकदा दौलतरावांनी "ते असं आहे जी..." एवढं काढलं. मी त्यांच्या मांडीवर थोपटलं. "तुम्ही बसा. मी सांगतो नं."

वकील खूश. "साक्षीदाराला परत बोलावू. सोलतो त्याला. फक्त जुन्या वकिलांची ना-हरकत आणा."

हा आमच्या कोर्टाचा रिवाज तुम्हाला सांगितला पाहिजे. चालू खटल्यात वकील बदलायचा तर नव्या वकीलपत्रावर जुन्या वकिलानं सही करून द्यायची, माझी हरकत नाही म्हणून. आणि ती सही आणायला नवा वकील जात नाही. पक्षकारानं स्वतः जायचं. ज्याला काढायचा त्याच्याच दारात, त्याच्याच ओट्यावर चप्पल काढून, त्याच्याच पेनानं.

वाटेत मी सतरा बहाणे रचले. ग्रह, गुरुजी, वडिलांचा नवस, धरमपेठेच्या वकिलाशी जुना घरोबा. बैठकीत बसल्यावर मात्र जिभेवर जो पहिला आला तो निघाला. "वकीलसाहेब, म्हटलं तुमच्या तब्येतीले आता झेपत नसंल..."

"माझी तब्येत चांगली आहे," ते म्हणाले, आणि फुटाण्यांचा डबा पुढे केला.

त्यांच्या पत्नीनं चहा आणला. एक कप वेगळा ठेवला. "हा दौलतरावांचा. साखर कमी." मला नवल वाटलं. या बाईला आमच्या जवाईबापूंची साखर ठाऊक होती, आणि आमच्या घरात आम्ही दर वेळी तीन चमचे घालत होतो. ते बिचारे पीत होते.

मी कागद पुढे केला. वकीलसाहेबांनी तो वाचला, खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलंच नाही. दौलतरावांना म्हणाले, "तुमची हरकत नाही ना, दौलतराव?"

मंडळी, मी पुष्कळ कोर्टं पाहिली, पुष्कळ प्रश्न ऐकले. एवढा लहान आणि एवढा कठीण प्रश्न दुसरा ऐकला नाही. ते वकीलसाहेबांकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दात काढून मान हलवली, बोला नं म्हणून.

"नाही जी," दौलतराव म्हणाले.

वकीलसाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं, संताप आहे. आता कळतं, ते लाजले होते. आमच्या वतीनं लाजले होते, कारण ते काम तेव्हा त्या खोलीत दुसरं कोणी करत नव्हतं. त्यांनी सही केली. फाईल बांधली. देताना दौलतरावांचा हात जरा धरून ठेवला. "नव्या वकिलांना सगळं सांगा. मला सांगितलं तसं."

"सांगतो जी, सगळं सांगतो," मी म्हणालो.

"तुम्ही नाही," वकीलसाहेब म्हणाले.

मला राग आला. वाटेत दौलतरावांना म्हणालो, "पाहिलं? काढलं तरी ताठा जात नाही म्हाताऱ्याचा." दौलतराव फाईल छातीशी धरून चालत राहिले, महालापासून इतवारीपर्यंत.

ठेलेवाल्याला परत बोलावलं. त्या दिवशी कोर्टात पहिल्यापेक्षा जास्त गर्दी होती; मीच जमवली होती. मागच्या बाकावर वकीलसाहेब दुसऱ्या कुठल्याशा कामासाठी येऊन बसले होते. मांडीवर पिशवी.

धरमपेठेचे वकील उभे राहिले आणि खरोखर छपरावरची कबुतरं उडाली. "माल उतरवला तेव्हा माझे अशील दुकानात होते?"

"नव्हते साहेब."

"त्यांनी तुला मजुरी दिली?"

"नाही साहेब. टेम्पोवाल्यानं देल्ली."

आमच्यात आनंदाची लाट. मी शेजारच्याला कोपरानं ढोसलं. पाहा, सोलून राहिला! तिथं ते बसले असते तर आज ही गोष्ट वेगळी असती. पण चाळीस माना पुढे आलेल्या असताना कोणाला बसवतं? त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "म्हणजे या मालाची माझ्या अशिलाला कसली खबरच नव्हती! खरं की नाही?"

मागे खडखडाट झाला. वकीलसाहेब उठून उभे राहिले होते. पिशवी खाली पडली होती, फुटाणे फरशीवर पसरले होते. एक हात वर, रस्त्यात धावणाऱ्या पोराला आपण थांबवतो तसा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते उठले आणि बसायचं विसरले. पण वकीलपत्र दुसऱ्याचं. त्यांना त्या खटल्यात खोकायचाही अधिकार उरला नव्हता.

ठेलेवाला भोळेपणानं म्हणाला, "खबर कशी नाही साहेब? आदल्या दिवशी त्यायनंच तं मले सांगतलं. समोरून आणू नोको, दुपारी बाजार निजला का मांगच्या बोळीतून आण. वरून भुशाचं पोतं टाक. कोणी पुसलं तं म्हशीचा भुसा हाये म्हण."

न्यायाधीशांची लेखणी सरसर चालू झाली.

"खोटं!" धरमपेठेचे वकील ओरडले. "हे तू मागच्या साक्षीत का नाही सांगितलंस?"

"मले कोणी इचारलंच नाही तं सांगू कसा?"

नंतर ते वकील माझ्यावर व्हरांड्यात कडाडले. "हे मला आधी का नाही सांगितलं? मी काय अंतर्ज्ञानी आहे?" चूक त्यांची नव्हती. त्यांना गंगेचं पाणी म्हणून जे पाजलं, त्याच्याच बळावर ते गरजले.

पण खरं जे घडलं ते त्याच्याही नंतर, कडुनिंबाखाली. माणसं आपोआप पांगली होती. शांतानं नवऱ्याला विचारलं, अगदी हळू. "तुम्ही म्हटलं होतं का, भुसा म्हण?"

"हो."

"मंग वकिलाले काहून नाही सांगितलं?"

"पहिल्याले सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी." दौलतराव खाली बघत होते. "रडलो बी त्यायच्यापाशी. ते म्हणे, जे कोणी विचारलं नाही ते आपण विचारायचं नाही. आणि घरी मी बोलणार नाही म्हणे, तुम्ही आपल्या सवडीनं सांगा."

"अन् दुसऱ्याले?"

दौलतरावांनी मान वर केली नाही. "दुसऱ्याच्या तिथं तुझा दादा बाजूले बसून होता."

शांता माझ्याकडे वळली. बोलली असती तर बरं झालं असतं. मी आयुष्यभर बोलण्यावर जगलेला माणूस. त्या वेळी तोंड उघडलं तर आतून नुसती हवा आली.

विचार करा, मौनीबाबाला एका वाक्यात आपली अब्रू वाचवता आली असती. मी त्यांच्या बैठकीत बसून त्यांच्या तब्येतीची काळजी वाहत होतो तेव्हा त्यांनी म्हणायचं होतं, अहो शेठ, तुमच्या जवायानं मला काय सांगितलंय ते ऐका. त्यांनी म्हटलं नाही. फितल्याचा बट्टा घेतला, झोपाळू घोडा म्हणवून घेतलं, आणि सही करून दिली.

शिक्षा झाली. दोन वर्षं. अपिलासाठी शांता एकटी महालात गेली. मला सांगितलंसुद्धा नाही. वकीलसाहेब तिला म्हणाले म्हणे, "कागदावर आलेलं आता पुसता येत नाही, बाई. शिक्षा कमी मागून पाहू." आणि मग पुन्हा वकीलपत्र, पुन्हा ना-हरकत. या खेपेला सही धरमपेठेची. त्यांनी ती गाडीच्या बॉनेटवर, उभ्या उभ्या करून दिली.

त्या अपिलात वकीलसाहेब बोलले. पुष्कळ वेळ बोलले म्हणे. दमलेल्या धंद्याबद्दल, मिंधेपणाबद्दल, सासऱ्याच्या दुकानात बसणाऱ्या माणसाबद्दल असं काही बोलले की सरकारी वकिलानं टाचणं बाजूला ठेवली. शिक्षा अर्ध्याहून खाली आली. मौनीबाबा जन्मात एकदा बोलले, आणि ते सांगायला इतवारीचा सगळ्यात मोठा सांगणारा तिथं नव्हता. कोर्टात जायला मला तोंड नव्हतं. म्हणून त्या भाषणाला मला एकही ठोका मारता येत नाही. ते जसं झालं तसंच राहिलं.

दौलतराव सुटले त्या दिवशी मी सायकलनं तुरुंगाच्या फाटकाशी गेलो. शांता रिक्षा घेऊन आली होती. दौलतराव वाळले होते. मिशी काढून टाकलेली. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी खांदे धरले आणि म्हणाले, "राहू द्या, दादा." मग रिक्षावाल्याला सांगितलं, "महालात घे."

रिक्षा पुढे, मी मागे. घरासमोर रिक्षा थांबली. दोघं ओट्यावर चढले, चपला काढल्या, आत गेले. मी रस्त्याच्या पलीकडे सायकल धरून उभा. आतून बोलण्याचा आवाज येत होता. मग हसण्याचा. दौलतराव हसू शकतात हे आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं.

मग वकीलसाहेब स्वतः दारात आले. अंगात कोट नव्हता, नुसतं धोतर आणि बंडी. डोळ्यांवर हात धरून त्यांनी पलीकडे पाहिलं. "अहो, या ना. उन्हात का उभे?"

मी ओरडलो, "साखळी उतरली जी! बसवतो अन् येतो!"

साखळी उतरली नव्हती. मी खाली बसलो आणि चांगली बसलेली साखळी बोटांनी ओढून काढली, म्हणजे ती बसवता येईल. बसवली. पुन्हा काढली. एवढं मन लावून मी आयुष्यात दुसरं काम केलं नाही. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. वकीलसाहेब दारातच उभे होते. मग आत गेले. सुटलो, असं वाटलं.

तेवढ्यात मला समोर मातीत त्यांचे अनवाणी पाय दिसले. तापल्या रस्त्यावरून ते तसेच आले होते. हातात रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं. "पाण्यानं हे निघत नाही," ते म्हणाले. "आधी यानं पुसा. मग आत या, चहा टाकलाय."

मी फडकं घेतलं. मान वर केली नाही. ते थोडा वेळ थांबले, आणि मग ते पाय चटके बसल्यासारखे भराभर परत गेले.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. ते गेल्याचं कळलं तेव्हा दौलतराव खांदा द्यायला होते. मी बाजारात गिऱ्हाइकाला लोटा दाखवत होतो आणि लोट्याबद्दल काहीतरी बोलत होतो.

दौलतराव सुटले त्या दुपारी मी हात पुसत बराच वेळ बसलो. बोटं लख्ख झाली तरी पुसत होतो. समोर दार उघडं होतं. आत कपबशा वाजत होत्या. मी फडक्याची घडी केली, ती ओट्याच्या कडेवर ठेवली, आणि सायकल हातात धरून, न बसता, कोपऱ्यापर्यंत चालत गेलो.